खलाशी ते सागररक्षक : जहाज सोडल्यानंतरच्या एका वाटेचा इतिहास

— एक सहशिक्षक, बी. ए., बी. एड., जवाहरनगर (जि. भंडारा)



स्मरणिकेसाठी इतिहासाच्या शिक्षकाने लेख द्यावयाचा म्हटले म्हणजे एखाद्या किल्ल्याची किंवा बादशहाची हकीकत वाचावयास मिळेल, अशी आपली अपेक्षा असणार. मी मात्र आज आपणांस समुद्रावर नेणार आहे. जवाहरनगरात समुद्र कोठून आला, असे आपण विचाराल. प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे आयुध निर्माणी आहे, धानाची शेती आहे, तलाव आहेत, वैनगंगा आहे. मुंबईचा किनारा येथून साडेआठशे किलोमीटरहून अधिक दूर. आपल्यापैकी पुष्कळांनी समुद्र डोळ्यांनी पाहिलेलाही नसेल. तरीसुद्धा या विषयाकडे माझे लक्ष वेधले गेले, ते एका म्हाताऱ्या गृहस्थांमुळे.

आमच्या शेजारी निर्माणीत काम करणारे एक कुटुंब मूळ रत्नागिरी जिल्ह्यातील. त्यांचे वडील एका पावसाळ्यात मुलाकडे राहावयास आले होते. आम्ही सारे त्यांना चाचा म्हणत असू. तेलवाहू जहाजांवर त्यांनी वीस-बावीस वर्षे काढली होती आणि अखेरीस ते पंपमन होते. कोणती टाकी कोणत्या नळाने भरते, कोणती झडप फिरवली की तेल कोठे जाते, हे त्यांना अजूनही तोंडपाठ होते. शाळेचे शिक्षण मात्र उर्दू चौथीपर्यंत.

एके दिवशी मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवीत होतो. किनाऱ्यावर डांबराचे काळे गोळे वाहून आल्याची बातमी होती. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात असे गोळे नेहमीच येतात. ते ऐकून चाचा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मास्तर, टाकी धुतलेलं ते काळं पाणी आम्ही रात्री दर्यात सोडायचो. सकाळी कोणी विचारत नसे. आता म्हणे त्याचा थेंबाथेंबाचा हिशेब ठेवतात, आणि तो हिशेब तपासायला किनाऱ्यावर माणसं नेमतात. ती माणसं कोण असतात?”

मला उत्तर देता आले नाही. शिक्षकाला उत्तर आले नाही की त्याला झोप येत नाही. मी वाचन सुरू केले, आणि जे हाती आले ते आज आपल्यापुढे ठेवीत आहे. उत्तर एका वाक्यात सांगावयाचे तर असे की, ती माणसे बहुधा चाचांसारखीच जहाज सोडून आलेली असतात. फरक फक्त एका गोष्टीचा असतो, आणि त्या एका गोष्टीसाठीच हा लेख आहे.

लस्कर म्हणजे कोण ?

इंग्रजांच्या जहाजांवर काम करणाऱ्या हिंदी खलाशांना ‘लस्कर’ म्हणत. हा शब्द फारसीतील ‘लश्कर’ यावरून आला. वाफेची जहाजे आली, १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला आणि मुंबई हे जगातील मोठ्या बंदरांपैकी एक बनले. तेव्हापासून कोकणच्या खाड्यांकाठचे तरुण हजारोंच्या संख्येने बोटीवर जाऊ लागले. डेकवरच्या कामासाठी रत्नागिरीकडील मुसलमान खलाशांना मोठ्या इंग्रज कंपन्यांत विशेष मागणी असे. भट्टीपाशी पंजाब व सरहद्दीकडील माणसे, तर सलूनमध्ये व स्वयंपाकघरात गोव्याची माणसे, अशी कामाची वाटणी पडून गेली होती.

या जहाजी दुनियेला स्वतःची भाषा होती. टोळीचा प्रमुख तो सेरंग, त्याच्या हाताखाली तांडेल. सुकाणू धरणारा सुकाणी, भट्टीत कोळसा टाकणारा आगवाला, स्वयंपाक करणारा भंडारी आणि झाडलोट करणारा टोपास. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास इंग्रजी जहाजांवर असे सुमारे पन्नास हजार खलाशी होते. दोन्ही महायुद्धांत त्यांतील हजारो समुद्राच्या पोटात गेले. त्यांना मिळणारे वेतन त्याच जहाजावरील गोऱ्या खलाशाच्या वेतनापेक्षा कितीतरी कमी असे, आणि राहावयाची जागाही अपुरी. शिवाय नोकरी मिळण्यापूर्वीच सेरंगाला व दलालाला पैसे चारावे लागत. त्यासाठी सावकाराचे कर्ज काढावे लागे. म्हणजे माणूस बोटीवर चढे तो कर्ज डोक्यावर घेऊनच.

इतिहासाच्या पुस्तकांत या माणसांचे नाव क्वचितच येते. परंतु कोकणातील कितीतरी गावांतील पक्की घरे, मशिदी आणि मदरसे त्यांच्या घामावर उभे आहेत. प्रश्न पुढचा होता. पन्नाशीत बोट सुटली की हा माणूस काय करी ? गावी परत येई, थोडी शेती पाही, पडवीत बसून जगभरच्या बंदरांच्या गोष्टी सांगे. वादळ कसे ओळखावे, पंप कसा चालवावा, गळती कशी शोधावी, हे तीस वर्षांत कमावलेले ज्ञान त्याच्याबरोबर पडवीतच संपून जाई. किनाऱ्यावर त्या ज्ञानाला कोणी गिऱ्हाईक नव्हते.

अधिकाऱ्याची शिडी

हिंदी माणूस जहाजावर चाले, पण तो खाली, भट्टीपाशी किंवा डेक घासताना. वरच्या ब्रिजवर, जेथून जहाज हाकले जाते, तेथे त्याला जागा नव्हती. हे चित्र पालटू लागले ते विसाव्या शतकात. ५ एप्रिल १९१९ रोजी सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. या कंपनीच्या उभारणीत सोलापूरचे वालचंद हिराचंद यांचा मोठा वाटा होता. त्या दिवसाची आठवण म्हणून आपण ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन पाळतो.

परंतु जहाज आपले झाले म्हणून अधिकारी आपले होत नाहीत. ते शिकवून तयार करावे लागतात. त्यासाठी १९२७ साली मुंबई बंदरात ‘डफरिन’ हे प्रशिक्षण जहाज सुरू झाले. पुढे १९७२ साली त्याची जागा ‘राजेंद्र’ने घेतली, आणि नंतर नव्या मुंबईत नेरूळच्या किनाऱ्यावर ‘चाणक्य’ ही संस्था आली. २००८ साली भारतीय सागरी विद्यापीठ स्थापन झाले. ‘डफरिन’वर तयार झालेल्या मुलांनी पुढे कप्तानाची प्रमाणपत्रे मिळविली, काही नौदलातही मोठ्या पदांना पोहोचले.

येथे थोडे थांबून विचार करा. ‘डफरिन’ जेथे नांगरलेले असे, त्याच मुंबई बंदरातून कोकणचे खलाशी बोटीवर चढत. दोघांचा समुद्र एकच, जहाजही अनेकदा एकच. पण शाळेचे, विशेषतः इंग्रजी व गणिताचे, शिक्षण ज्यांच्या पाठीशी होते, प्रामुख्याने त्याच घरांतील मुले त्या शिडीवर चढली. खलाशाचा मुलगा बापाच्या मागोमाग खलाशी झाला. मेहनतीत तो कोठेच कमी नव्हता. कमी पडली ती शाळा.

टाकीतील काळे पाणी

आता चाचांच्या प्रश्नाकडे वळू. जहाजावरचे तेल समुद्रात जाते तरी कसे ? घरातील तेलाचा डबा रिकामा झाला तरी तळाशी आणि भिंतींना तेल चिकटून राहते. तो गरम पाण्याने विसळला की तेलकट पाणी मोरीत जाते. आता हा डबा हजारो टनांचा आहे, अशी कल्पना करा. तेलवाहू जहाज एका बंदरात माल उतरवून रिकामे परत निघाले की ते हलके होते आणि लाटांवर डगमगते. म्हणून त्याच्या रिकाम्या टाक्यांत समुद्राचे पाणी भरीत. यास बॅलास्ट म्हणतात. पुढच्या बंदरापूर्वी टाक्या धुऊन ते तेलमिश्रित पाणी समुद्रात सोडून देत. जगभर हजारो जहाजांचा हा रोजचा रिवाज होता. अपघातांची बातमी होई, या रिवाजाची होत नसे. प्रत्यक्षात अपघातांपेक्षा या नेहमीच्या धुण्यामुळेच समुद्रात अधिक तेल जात असे.

१९५४ साली लंडन येथे तेल-प्रदूषणाविषयीचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. किनाऱ्यापासून सर्वसाधारणपणे ५० सागरी मैलांच्या पट्ट्यात तेलकट पाणी सोडू नये, असे त्यात ठरले. पण खोल समुद्रात रात्रीच्या वेळी कोण पाहणार ? कायदा कागदावर राहिला.

मग १८ मार्च १९६७ चा दिवस उजाडला. ‘टॉरी कॅनियन’ नावाचे तेलवाहू जहाज इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाजवळ खडकावर आदळले. त्यात सुमारे १,१९,००० टन कच्चे तेल होते. ते इंग्लंडच्या व फ्रान्सच्या किनाऱ्यांवर पसरले. इंग्रज सरकारने विमानांतून बाँब टाकून तेल पेटविण्याचा प्रयत्न केला. किनाऱ्यावर धुण्याची रसायने ओतली गेली, तर त्या रसायनांनीच समुद्रातील जीव अधिक मेले. पुढारलेल्या राष्ट्रांच्याही लक्षात आले की, तेल सांडल्यावर काय करावे हे आपणांस ठाऊकच नाही.

त्या धक्क्यातून २ नोव्हेंबर १९७३ रोजी ‘मार्पोल’ हा करार झाला. १९७८ साली त्यात भर पडली आणि २ ऑक्टोबर १९८३ पासून तो अमलात आला. तेल, घातक रसायने, वेष्टनातील घातक माल, सांडपाणी, कचरा आणि हवेतील धूर अशी त्याची आज सहा प्रकरणे आहेत. इंजिनखोलीतील पाणी बाहेर सोडावयाचे तर त्यात दहा लाख भागांत १५ भागांपेक्षा अधिक तेल असता कामा नये, असा नियम आहे. तेलाची प्रत्येक हालचाल ‘ऑइल रेकॉर्ड बुक’ या नोंदवहीत लिहावी लागते. प्रत्येक नोंदीखाली अधिकाऱ्याची व प्रत्येक पानाखाली कप्तानाची सही लागते, आणि ती वही तीन वर्षे जपावी लागते. चाचांनी ऐकलेला थेंबाथेंबाचा हिशेब तो हाच.

भारताची बाजू

या घडामोडींत आपला देश प्रेक्षक नव्हता. १९६१ साली मुंबईत भारतीय नौवहन महामंडळ स्थापन झाले. सुरुवातीपासून त्याची धुरा सांभाळणारे चंद्रिकाप्रसाद श्रीवास्तव १९७४ साली जागतिक सागरी संघटनेचे सरचिटणीस झाले आणि १९८९ पर्यंत त्या पदावर राहिले. मार्पोल अमलात आला तो त्यांच्याच कारकिर्दीत. गरीब देशांकडे कायदे आहेत पण ते राबविणारी शिकलेली माणसे नाहीत, हे त्यांनी ओळखले. त्यांच्या प्रयत्नाने १९८३ साली स्वीडनमधील माल्मो येथे जागतिक सागरी विद्यापीठ सुरू झाले. जहाजावर उमेदीची वर्षे काढलेला अधिकारी तेथे पुन्हा विद्यार्थी होऊन बसतो आणि सागरी प्रशासन, सागरी पर्यावरण यांसारखे विषय शिकून किनाऱ्यावरच्या कामाला लागतो.

इकडे फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ने बॉम्बे हाय येथे तेल शोधले आणि १९७६ साली उत्पादन सुरू झाले. मुंबईच्या समुद्रात तेलाची ये-जा वाढली. मुंबई बंदरात एक लहानसे बेट आहे. त्याचे जुने नाव बुचर आयलंड, आजचे नाव जवाहर द्वीप. आपल्या जवाहरनगराचे हे जणू समुद्रातील नावबंधूच. परदेशातून आलेले कच्चे तेल तेथे उतरते आणि समुद्राच्या तळावरील नळांतून तुर्भ्याच्या कारखान्यांकडे जाते. आपल्या वसाहतीत पेट्या, शेड, ठिणगी आणि सायरन यांचे नियम किती कडक असतात, हे आपण जाणतो. हे नियम का असतात, याची किंमत जवाहरनगरने २४ जानेवारी २०२५ च्या स्फोटात आपली माणसे गमावून मोजली आहे. त्या दूरच्या बेटावरही नियमाची एक चूक तितकीच महाग पडते.

१९७८ साली तटरक्षक दल कायद्याने स्थापन झाले. १९८३ साली व्यापारी नौवहन कायद्यात प्रदूषण रोखण्यासाठी स्वतंत्र भाग घातला गेला. १९८६ साली भारत मार्पोलमध्ये सामील झाला आणि त्याच वर्षापासून समुद्रातील तेलगळतीच्या वेळी सर्व यंत्रणांचा मेळ घालण्याचे काम तटरक्षक दलाकडे आले. १९९६ पासून यासाठी राष्ट्रीय आराखडा आहे. सातशे टनांपर्यंतच्या गळतीला तोंड देण्याची सामग्री आणि माणसे बंदरांनी व तेल कंपन्यांनी स्वतःच बाळगावीत, असे त्यात ठरले. २०२५ साली संसदेने जुन्या कायद्याच्या जागी नवा व्यापारी नौवहन कायदा मंजूर केला. म्हणजे एकामागून एक नियम झाले, आणि प्रत्येक नियमामागे तो समजणारा माणूस लागू लागला.

मुंबईच्या तोंडाशी

माणूस का लागतो, हे ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईने पाहिले. न्हावा-शेवा बंदरातून बाहेर पडणारे ‘एम. एस. सी. चित्रा’ आणि आत येणारे ‘खलिजिया-३’ ही दोन जहाजे बंदराच्या तोंडाशी एकमेकांवर आदळली. ‘चित्रा’वर १,२१९ कंटेनर होते आणि इंधनाच्या टाक्यांत दोन हजार टनांहून अधिक तेल. जहाज कलंडले. शेकडो कंटेनर पाण्यात पडून तरंगू लागले. काहींत कीटकनाशके होती. सुमारे ८०० टन तेल समुद्रात पसरले आणि उरण, घारापुरी, अलिबागकडील खारफुटीला जाऊन चिकटले. दोन्ही बंदरे काही दिवस बंद पडली. ऐन हंगामाच्या तोंडावर कोळी बांधवांची मासळी कोणी घेईना.

अशा वेळी कोणती माणसे उपयोगी पडतात ? कलंडलेल्या जहाजातील कोणत्या टाकीत किती तेल उरले आहे आणि ते कोणत्या बाजूने बाहेर काढता येईल, हे नकाशा पाहून सांगणारा माणूस हवा. भरती-ओहोटीच्या प्रवाहाने तेल संध्याकाळपर्यंत कोणत्या खाडीत शिरेल, हे जाणणारा हवा. कंटेनरांची यादी वाचून आधी काय उचलावे, हे ठरविणारा हवा. रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि सरकारी अधिकारी यांची गरज असतेच. पण जहाजाच्या पोटात उतरलेल्या माणसाची जागा त्यांच्यापैकी कोणी घेऊ शकत नाही. दुसऱ्याच वर्षी, ४ ऑगस्ट २०११ रोजी, साठ हजार टनांहून अधिक कोळसा वाहणारे ‘रॅक’ हे जहाज मुंबईपासून सुमारे वीस सागरी मैलांवर बुडाले आणि त्याचेही तेल वर येऊ लागले. धडा पुन्हा तोच होता.

किनाऱ्यावरची कामे

जहाज सोडलेल्या माणसासाठी सागरी पर्यावरणाच्या क्षेत्रात आज जी कामे आहेत, त्यांची मोजकी ओळख करून देतो.

पहिले काम तपासणीचे. नौवहन महासंचालनालयाचे सर्वेक्षक जहाजावर चढून कागद व यंत्रे तपासतात. परदेशी जहाज आपल्या बंदरात आले तर त्याचीही तपासणी होते. यासाठी हिंदी महासागराभोवतीच्या देशांनी १९९८ साली आपसांत करार केला, त्याचे सचिवालय गोव्यात स्थापन झाले. या कामात जुना अनुभव कसा उपयोगी पडतो, पाहा. काही लबाड इंजिनिअर तेल गाळणाऱ्या यंत्राला वळसा घालून एक चोरनळी जोडतात आणि घाण पाणी सरळ समुद्रात सोडतात. बंदर जवळ आले की ती काढून ठेवतात. नोंदवही बिनचूक असते. पण ज्याने स्वतः इंजिनखोलीत वर्षे काढली, त्याची नजर नळाच्या जोडावरील ताज्या रंगाकडे किंवा नुकत्याच ओरखडलेल्या बोल्टांकडे जाते. नोंदवहीतील आकडे आणि टाकीतील प्रत्यक्ष पातळी यांचा मेळ बसत नाही, हे तो पाच मिनिटांत ओळखतो. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक, असे आपण थट्टेने म्हणतो. येथे त्या वाटा ठाऊक असलेला प्रामाणिक माणूस हवा असतो.

दुसरे काम कंपनीच्या कचेरीतले. १९८७ साली ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ’ ही फेरीबोट बेल्जियमजवळ उलटून १९३ माणसे दगावली. चूक केवळ जहाजावरच्या लोकांची नव्हती, कचेरीतल्या लोकांचीही होती, असे चौकशीत दिसले. त्यानंतरच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार १ जुलै १९९८ पासून प्रथम प्रवासी व तेलवाहू जहाजांच्या आणि पुढे इतर मोठ्या जहाजांच्या कंपन्यांना किनाऱ्यावर एक जबाबदार व्यक्ती नेमणे भाग पडले. सुरक्षितता व प्रदूषण यांविषयी ही व्यक्ती थेट मालकापर्यंत जाऊ शकते. या जागेवर बहुधा जुना कप्तान किंवा मुख्य इंजिनिअर असतो.

तिसरे काम वर्गीकरण संस्थांचे. मुंबईची ‘इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग’ ही संस्था १९७५ पासून जहाजांची तांत्रिक पाहणी करीत आहे. चौथे काम बंदरांचे : पायलट, वाहतूक-नियंत्रण, जहाजांचा कचरा व तेलकट गाळ उतरवून घेण्याची व्यवस्था, गळतीविरोधी पथके. पाचवे काम जहाजे मोडण्याचे. गुजरातेतील अलंग आणि मुंबईचा दारुखाना येथे जुनी जहाजे मोडली जातात. २०१९ च्या कायद्याने आणि २६ जून २०२५ पासून लागू झालेल्या हाँगकाँग करारामुळे, जहाजात ॲस्बेस्टॉससारखे घातक पदार्थ कोठे किती आहेत याची यादी करावी लागते. ती करणाऱ्यालाही जहाज आतून ठाऊक असावे लागते.

सहावे काम अलीकडचे. बॅलास्टच्या पाण्यातून एका समुद्राचे जीव दुसऱ्या समुद्रात जातात. अमेरिकेकडील एक लहान शिंपला १९६७ साली विशाखापट्टणमला आढळला आणि पुढे मुंबईच्या गोद्यांतही पसरला. म्हणून ८ सप्टेंबर २०१७ पासून बॅलास्टच्या पाण्यासाठीही करार लागू आहे. १ जानेवारी २०२० पासून जहाजाच्या इंधनातील गंधकाची मर्यादा ३.५० टक्क्यांवरून ०.५० टक्क्यांवर आली. या साऱ्याचा हिशेब ठेवणारी, सल्ला देणारी व शिकविणारी माणसे आज लागत आहेत.

या जागा अगणित नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. येथवर पोहोचण्यास दहा-पंधरा वर्षांची समुद्रसेवा आणि एकामागून एक परीक्षा लागतात. सरकारी सर्वेक्षकाची निवड संघ लोकसेवा आयोगामार्फत होते, आणि त्यासाठी कप्तानाचे किंवा प्रथम वर्गाच्या सागरी इंजिनिअरचे प्रमाणपत्र मागितले जाते. वाट लांब आहे, पण ती आखलेली आहे. चाचांच्या काळी ती नव्हतीच.

पालकांसाठी दोन शब्द

हे सारे मी चाचांना सांगितले. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी एवढेच म्हणाले, “म्हणजे मास्तर, काम मला येत होतं. कागद नव्हता.”

या वाक्यावर मी काय बोलणार ? एका पंपमनला जे ज्ञान होते, त्यावर आज मोठमोठ्या कचेऱ्या चालतात. पण प्रमाणपत्राच्या परीक्षेला बसावयास जे शालेय शिक्षण लागते, ते चौथीपाशी थांबले होते. म्हणून त्या ज्ञानाची किंमत बोट सुटली त्या दिवशी शून्य झाली. लेखाच्या आरंभी मी ज्या एका फरकाविषयी बोललो, तो हा.

पालकहो, म्हणून काही गोष्टी मनावर घ्या. मुलाला अधिकारी म्हणून समुद्रावर जावयाचे असेल तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हे विषय हवेत आणि इंग्रजी चांगले हवे. भारतीय सागरी विद्यापीठाची प्रवेश परीक्षा असते. दृष्टी व रंगओळख यांची कडक तपासणी होते. ती आधीच करून घ्या, म्हणजे पुढे निराशा होणार नाही. दहावीनंतर खलाशी म्हणून जाण्याचीही वाट आहे, आणि ती कमी प्रतीची मुळीच नाही. मात्र त्या मुलाने पुढचे शिक्षण सोडू नये. आवश्यक शिक्षण आणि समुद्रसेवा पुरी केलेल्या खलाशाला अधिकाऱ्याच्या परीक्षेची दारे नियमांनी उघडी ठेवली आहेत. मुलींनाही हे क्षेत्र बंद नाही. कॅप्टन राधिका मेनन यांना समुद्रात मच्छीमारांचे प्राण वाचविल्याबद्दल २०१६ साली जागतिक सागरी संघटनेचा शौर्य पुरस्कार मिळाला.

आणि एक इशारा. पूर्वीच्या सेरंगाचा आणि सावकाराचा अवतार आजही संपलेला नाही. “दोन लाख द्या, महिन्याभरात बोटीवर चढवतो,” असे सांगणारे दलाल समुद्रापासून दूरच्या जिल्ह्यांतच अधिक फिरतात, कारण येथे खरेखोटे कळत नाही. संस्था नौवहन महासंचालनालयाच्या मान्यतेची आहे काय आणि भरती करणाऱ्याकडे परवाना आहे काय, हे महासंचालनालयाच्या यादीत पाहिल्याखेरीज एक पैसाही देऊ नका. परवानाधारक भरती संस्थेला नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून शुल्क घेता येत नाही, हा नियम लक्षात ठेवा. शेत गहाण ठेवून बनावट प्रमाणपत्र घेतलेला मुलगा समुद्र पाहण्याआधीच बुडतो.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटी आपल्या नदीकडे येतो. नागपूरच्या नाग नदीची घाण कन्हानमधून वैनगंगेत येते आणि गोसेखुर्दच्या पाण्यात साचते. आपले ढिवर बांधव डोंगा घेऊन त्याच पाण्यावर पोट भरतात. वैनगंगा पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. म्हणजे आपण येथे जे पाण्यात टाकतो, ते उशिरा का होईना, समुद्रालाच पोहोचते. समुद्र आपल्यापासून दूर आहे, हा आपला समज तेवढा खरा नाही.

चाचा त्या दिवाळीनंतर गावी परतले. जाण्यापूर्वी त्यांनी नातवाच्या विज्ञानाच्या वहीत जहाजाच्या टाक्यांचे व नळांचे एक चित्र काढून दिले. प्रत्येक झडपेला क्रमांक दिला. नातू तेव्हा सातवीत होता. आता तो दहावीला आहे आणि गणितात थोडा कच्चा आहे. दर रविवारी सकाळी तो माझ्याकडे येतो. आपल्याही घरात, शेजारी असा मुलगा असेल तर त्याला पाठवा. गणिताचे एक पान रोज सोडविले तर चौथीपाशी थांबलेली ती शिडी आपली मुले पुढे चढतील, असा माझा विश्वास आहे.